नळावरचे डाग परत परत का येतात: गोव्यातल्या घरात काय आणि कोणत्या क्रमाने तपासावं

आधी लक्षणं. यातलं काय दिसतं ते नीट बघा, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं.

नळाच्या तोंडाशी किंवा अंगावर पांढरा थर येतो आणि पुसला तरी आठवड्याभरात परत दिसतो.

मुठीच्या खाली, सांध्यात, किंवा भिंतीला टेकलेल्या गोल फ्लँजच्या कडेला हिरवट-निळसर भुकटी जमते. कधी नळाखाली बेसिनमध्येही तसाच ओघळ उमटतो.

चकचकीत पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढे काळपट ठिपके येतात. कितीही घासा, जात नाहीत. काही महिन्यांत तिथे फोड येतो आणि पापुद्रा सुटतो.

स्टीलचा सिंक, न्हाणीघरातली जाळी, टॉवेलचा रॉड यांवर तांबूस ठिपके पडतात.

नळाखालच्या टाइल्सवर तांबडी रेघ ओघळते.

धार बारीक किंवा तिरकी होते, मूठ जड फिरते, बंद केल्यावरही थेंब पडत राहतो.

पेडण्याच्या किनाऱ्यावरची घरं आणि डिचोली-सत्तरीकडची घरं, दोन्हीकडे मी दुरुस्तीची कामं करतो. बोलावणं मात्र सगळीकडे एकाच वाक्याने येतं: ‘नळ खराब झालाय, काहीतरी लावून साफ करा.’ माझं म्हणणं एवढंच आहे की काय लावायचं ते नंतर, डाग कशाचा आहे ते आधी. इंटरनेटवरचे बहुतेक उपाय चुनखडीयुक्त, जड पाण्याच्या भागातले आहेत. सोलापूर-नगरकडे बोअरच्या पाण्याने नळावर क्षाराची खपली धरते, तिथे आंबट द्रावण लावणं योग्यच आहे. गोव्यात बऱ्याच घरांत तसा क्षार नसतोच. इथे खारा वारा असतो, चिऱ्याच्या (जांभा दगडाच्या) विहिरीचं मऊ आणि किंचित आम्लधर्मी पाणी असतं, आणि वर्षाचे चार महिने न वाळणारी हवा असते. त्यावर ॲसिड ओतलं की धातू उरलेला जीवही सोडतो.

साधं पाणी आणि नख

याला एक पैसा लागत नाही, म्हणून हे सगळ्यात आधी. फडकं कोमट पाण्यात भिजवून पांढऱ्या डागावर दोन मिनिटं दाबून धरा, मग पुसा. डाग विरघळून गेला तर ते वाऱ्याबरोबर आलेलं मीठ आहे. मोरजी, मांद्रे, कळंगुट, कोलवा, बाणावली अशा समुद्राजवळच्या घरांत, विशेषतः पश्चिमेकडे खिडकी असलेल्या न्हाणीघरात आणि अंगणातल्या शॉवरवर, हेच असतं. समुद्राचं मीठ हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळे पावसाळ्यात तो नळ वापरला नाही तरी ओलाच राहतो. हाच ओलावा कोटिंगला पोखरतो. यावर उपाय गोड्या पाण्याने धुणं आणि कोरडं पुसणं, एवढाच. बाहेरच्या नळाला आठवड्यातून दोनदा, आतल्या नळाला एकदा पुरतं. पुसणं टाळू नका, धुऊन ओला सोडलेला नळ अर्धाच साफ झालेला असतो.

पाण्याने गेला नाही पण भांडी घासायच्या लिक्विडने गेला, तर तो साबणाचा थर. विषय संपला.

आता नख फिरवा. नख वर अडकलं तर थर बाहेरून चढलेला आहे आणि काढता येईल. नख आत, खड्ड्यात अडकलं तर कोटिंग फुटलेलं आहे. ही ओळख फार महत्त्वाची आहे, कारण चकचकीत नळ म्हणजे पितळेवर निकेल आणि निकेलवर क्रोमियम. वरचा क्रोमियमचा थर साधारण एका मायक्रॉनपेक्षाही (मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही) पातळ असतो आणि खालचं निकेल काही मायक्रॉन जाड. त्याला एकदा बारीक छिद्र पडलं की खालचं पितळ गंजू लागतं, आणि तो गंज काळ्या-हिरव्या ठिपक्याच्या रूपाने वर येतो. म्हणजे ठिपका हा वर बसलेला मळ नाही, आतून बाहेर आलेला गंज आहे. घासणीने घासलं की छिद्र मोठं होतं. असा नळ धुऊन, पूर्ण कोरडा करून त्यावर गाडीला लावायच्या मेणाचा पातळ हात फिरवा आणि दर दीड-दोन महिन्यांनी तेच करत राहा. ठिपके जाणार नाहीत, पण वाढ थोपते. गेलेलं कोटिंग परत आणणारी कोणतीही बाटली बाजारात नाही.

पातेलं बघा, मग विनेगरचा थेंब टाका

नखाला अडकणारा कडक पांढरा थर असेल तर स्वयंपाकघरात जा. ज्या भांड्यात रोज पाणी तापतं त्याच्या तळाशी पांढरी खपली आहे का? असेल तर पाणी जड आहे आणि नळावरचा थरही क्षाराचा असण्याची शक्यता मोठी. भांडं आतून स्वच्छ असेल तर नळावरचं पांढरं बहुधा दुसरंच काही आहे. खात्रीसाठी थरावर पांढऱ्या विनेगरचा एक थेंब टाका. बारीक बुडबुडे आले की क्षार नक्की. किनाऱ्याजवळच्या बोअरवेलमध्ये हे दिसतं, आणि पाण्याची पातळी खाली गेली की मार्च ते मे जास्त दिसतं.

क्षारच असेल तर पांढरं विनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं घ्या, फडक्यात भिजवून नळाच्या तोंडाला गुंडाळा, पंधरा मिनिटांनी काढा, भरपूर पाण्याने धुवा, कोरडं करा. थर उरला तर परत पंधरा मिनिटं. रात्रभर ठेवायचं नाही. माडाचं विनेगर जेवणातच शोभतं, त्याचा रंग सांध्यांत उतरतो. काळ्या, सोनेरी किंवा मॅट फिनिशच्या नळांना विनेगरही नको, त्यांना फक्त सौम्य साबण. खाली मार्बल किंवा कडप्पा असेल तर आधी प्लास्टिक अंथरा, त्या दगडांवर आंबट पडलं की चकाकी कायमची जाते.

खायचा सोडा आणि विनेगर एकत्र करून फेस काढायची पद्धत फार पसरली आहे. दोन्ही एकमेकांना मारतात आणि हातात उरतं ते सोडियम ॲसिटेट नावाच्या लवणाचं पाणी. फेस दिसायला छान, कामाला काही नाही.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. चवथीच्या आधी घरोघर समया, तांब्ये, ताम्हणं चिंचेने किंवा सोलांनी घासून लखलखीत करतात. उघड्या पितळेला, तांब्याला ते उत्तम. परसातला जुना पितळी नळ उघडा, बिनकोटिंगचा असेल तर त्यालाही चालतं, फक्त लगेच धुऊन पुसायचं. पण तोच चिंचेचा कोळ आणि रांगोळी हाताबरोबर बेसिनच्या क्रोमच्या नळावर फिरवला जातो. रांगोळी म्हणजे दगडाची पूड, ती त्या पातळ थराला ओरखडते, आणि चिंच ओरखड्यातून आत जाते. चवथ झाली की दिवाळीपर्यंत ठिपके हजर.

टिशू पेपरची पट्टी

डाग एकाच जागी, तोही दोन-तीन दिवसांत परत येत असेल तर तो मळ नाही, तिथून पाणी झिरपतंय. एवढं बारीक की डोळ्याला थेंब दिसत नाही. पाणी वाळतं आणि त्यातलं जे काही आहे ते मागे राहतं.

नळ पूर्ण कोरडा पुसा. टिशू पेपरच्या पट्ट्या एक मुठीखाली, एक भिंतीच्या फ्लँजवर, एक अँगल कॉकच्या (बेसिनखाली भिंतीतून निघणाऱ्या छोट्या कॉकच्या) नटावर गुंडाळा. रात्रभर नळ वापरू नका. सकाळी कोणती पट्टी ओली आहे ते बघा. पावसाळ्यात सगळ्याच पट्ट्या थोड्या दमट लागतील, तेव्हा दमट आणि चिंब यातला फरक धरा. मुठीखाली ओली असेल तर आतलं ओ-रिंग (रबरी कडं) किंवा ग्लँड (दांड्याभोवतीचं पॅकिंग), नटावर ओली असेल तर कनेक्शन पाइपचं (कॉकपासून नळापर्यंतच्या लवचिक पाइपचं) रबर, फ्लँजवर ओली असेल तर भिंतीतला सांधा. शेवटच्या बाबतीत इथेच थांबा, त्याबद्दल खाली लिहिलं आहे. लोक वर्षभर हिरवी भुकटी पुसत बसतात आणि खराब असतं चार रुपयांचं रबर.

तोंडाची जाळी

धार बारीक किंवा तिरकी असेल तर नळ बदलायचा विचार करण्याआधी तोंडाची जाळी काढा. प्लंबर तिला फोम म्हणतात. हाताने फिरत नसेल तर जाड फडकं गुंडाळून मग पकड लावा, नाहीतर पकडीचे दात कोटिंगवर उमटतात. बेसिनच्या भोकावर बूच किंवा कापड ठेवायला विसरू नका, आतलं वॉशर हमखास तिथेच पडतं.

जाळीत काय अडकलंय ते तळहातावर घेऊन बघा, धुऊन टाकायची घाई नको. पांढरे कण म्हणजे क्षार. तांबडे-काळे खवले म्हणजे कुठेतरी जुना जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप आतून सडतोय. चकाकणारी बारीक रेती बोअरची किंवा टाकीच्या तळाची. काळे, बोटाला काजळी लावणारे मऊ तुकडे दिसले तर कुठलं तरी रबर विरघळतंय, बहुतेकदा कनेक्शन पाइपचं आतलं अस्तर. तो पाइप लवकर बदला.

बाटली कोणती आहे

न्हाणीघरात ठेवलेल्या बाटलीमागचं लेबल वाचा. त्यावर हायड्रोक्लोरिक ॲसिड लिहिलं असेल तर ती फक्त कमोडसाठी आहे. नळ, जाळी, शॉवर यांना तिचा थेंबही लागता कामा नये. स्टेनलेस स्टीलवर जो न दिसणारा संरक्षक थर असतो तो क्लोराइडने फुटतो, आणि तिथे टाचणीएवढे खोल खड्डे पडतात.

आणि प्रश्न फक्त लावण्याचा नाही. बेसिनखालच्या कपाटात ॲसिडची बाटली अर्धवट बुचाने ठेवलेली असते. तिची वाफ बंद कपाटात कोंडते. अशा कपाटाचं दार उघडलं की बाटलीच्या बाजूचा अँगल कॉक तपकिरी पडलेला दिसतो, कनेक्शन पाइपची स्टीलची वेणी गंजलेली, आणि काही तारा तुटून केसांसारख्या उभ्या राहिलेल्या. विरुद्ध बाजूचा पाइप त्या मानाने ठीक असतो. ती वेणीच आतल्या रबरी नळीला धरून ठेवते. ती तुटली की नळी फुगते आणि एक दिवस फुटते, आणि घरात कोणी नसेल तर टाकीभर पाणी जमिनीवर. वेणीची एक तार जरी तुटलेली दिसली तरी अँगल कॉक बंद करा आणि पाइप बदला. बाटली बाहेर, उघड्या हवेत, मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी.

ॲसिड आणि ब्लीच एका दिवशीसुद्धा एका ठिकाणी वापरू नका. दोन्ही मिसळले की क्लोरीन वायू सुटतो. न्हाणीघर लहान आणि दार बंद असेल तर तो जिवावर बेततो.

लोखंडी काथ्याचंही तसंच. त्याचे बारीक कण स्टीलमध्ये रुततात आणि दुसऱ्या दिवशी तेच गंजतात. सिंकवरचे कित्येक ‘गंजाचे डाग’ सिंकचे नसून काथ्याचे असतात. मऊ फडक्याने आणि लिक्विडने घासून ते गेले तर सिंक शाबूत आहे.

चुंबक आणि खिळा

फ्रिजवरचं चुंबक घ्या. नळाखाली तांबडी रेघ असेल तर फ्लँज पुढे सरकवून मागच्या निपलला (नळ आणि भिंतीतली लाइन जोडणाऱ्या आखूड नळीला) चुंबक लावा. घट्ट चिकटलं तर ती लोखंडाची, म्हणजे जीआय निपल आहे. पितळेचा नळ आणि जीआय निपल ओल्यात एकत्र आले की लोखंड जास्त वेगाने गंजतं. तांबडी रेघ तिथून येते, नळातून नाही. टाइल घासून ती जाणार नाही, निपल पितळी किंवा स्टीलची करावी लागेल. फ्लँजचे आणि टॉवेल रॉडचे स्क्रूही तपासा, रॉड स्टीलचा आणि स्क्रू लोखंडी असं सर्रास असतं.

पितळ किती उरलंय ते बघायला नळाच्या मागच्या, न दिसणाऱ्या बाजूला खिळ्याने हलका ओरखडा काढा. आत पिवळं दिसलं तर ठीक. गुलाबी-तांबूस, तांब्यासारखं दिसलं तर पितळेतलं जस्त पाण्याने खाऊन टाकलंय आणि मागे पोकळ, ठिसूळ तांबं उरलंय. असा नळ पाना लावला की बिस्किटासारखा तुटतो. त्याला हात न लावता बदलायच्या यादीत टाका.

किनाऱ्यापासून दोन-तीन किलोमीटरच्या आत नवीन वस्तू घेणार असाल तर बाहेरच्या शॉवरला, रेलिंगला ३१६ ग्रेडचं स्टील मागा. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, ३१६ मध्ये त्याशिवाय २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं आणि ते मिठाला तोंड देतं. महाग पडतं. आतल्या न्हाणीघरात ३०४ पुरेसं आहे, फक्त पुसत राहायला हवं.

पाणी

घरात टाकीचा एक आणि थेट सरकारी लाइनचा एक, असे दोन नळ असतील तर दोन्हींची तुलना करा. तिसवाडी-फोंड्यात ओपाचं, बार्देशात अस्नोड्याचं, सासष्टीत साळावलीचं पाणी येतं. हे शुद्ध केलेलं नदी-धरणाचं पाणी, ते एकूण मऊच. त्या नळाला काही नाही आणि विहिरीच्या पाण्याच्या नळालाच हिरवं येत असेल, तर दोष पाण्यात शोधा.

आपल्या विहिरी जांभ्या दगडात, चिऱ्यात खोदलेल्या. पावसाचं पाणी मातीतून उतरताना कार्बन डायऑक्साइड घेतं आणि आम्लधर्मी होतं. जांभ्यात चुना जवळजवळ नाही, त्यामुळे ते आम्ल मारायला वाटेत कोणी भेटत नाही. असं मऊ, आंबट पाणी पितळेतलं तांबं थोडं थोडं विरघळवतं आणि बेसिनमध्ये निळा-हिरवा ओघळ सोडतं. पीएच (पाणी किती आम्लधर्मी आहे त्याचा आकडा, ७ पेक्षा कमी म्हणजे आम्लधर्मी) तपासायच्या कागदी पट्ट्या स्वस्तात मिळतात. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक ६.५ ते ८.५ आहे. पट्टी ६ किंवा त्याखाली दाखवत असेल तर प्रयोगशाळेत पाणी तपासून घ्या, आणि तोपर्यंत सकाळी पहिल्यांदा येणारं, रात्रभर पाइपात उभं राहिलेलं पाणी झाडांना घाला. ते पिऊ नका, स्वयंपाकालाही वापरू नका. जुन्या पितळी नळांत थोडं शिसंही असतं आणि आम्लधर्मी पाण्यात तेही उतरतं. पीएच वाढवणारा फिल्टर बसवता येतो, पण पाण्याचा अहवाल हातात आल्याशिवाय तो विकत घेऊ नका.

नळ उघडणं

इथून पुढे हाताला सवय असेल तरच. टाकीचा मेन कॉक बंद करा, नळ उघडून पाइपातलं पाणी संपू द्या. जुन्या फिरवायच्या नळात तळाचं रबरी वॉशर झिजलेलं असतं, ते बदललं की थेंब थांबतो. नवीन पाव फेऱ्यात उघडणाऱ्या नळात सिरॅमिक कार्ट्रिज (पाणी चालू-बंद करणारा आतला तयार भाग) असतं, ते दुरुस्त होत नाही, तसंच्या तसं बदलायचं. जुनं कार्ट्रिज दुकानात घेऊन जा, दात आणि उंची जुळवूनच नवीन घ्या. मूठ जड असेल तर ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस लावा. खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन नको, काही रबरं त्याने फुगतात.

इथे थांबा

नळाला हात लावताच झिणझिण्या आल्या तर बाकी सगळं विसरा. कोरड्या पायांनी मेन स्विच बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा, प्लंबरला नाही. गीझर किंवा पंपाचं अर्थिंग बिघडलेलं असू शकतं. तो तपासेपर्यंत घरातला एकही नळ वापरू नका.

फ्लँजची पट्टी ओली निघाली, भिंतीला ओल किंवा फुगवटा आहे, तर पाना लावू नका. जुन्या चिऱ्याच्या भिंतींत जीआय लाइन माती-चुन्यात पुरलेली असते. बाहेरचा नळ फिरवला की आतला सडलेला सांधाही फिरतो आणि पाणी भिंतीच्या आत सुटतं. त्यासाठी भिंत फोडायची तयारी आणि सामान घेऊन आलेला माणूस हवा.

अँगल कॉक अडकलाय आणि हाताच्या जोराने फिरत नाही, तर पान्याने जोर करू नका. आधी मेन बंद होतोय का ते बघा. मेनही बंद होत नसेल तर काम सुरूच करायचं नाही. गरम बाजूची गळती आणि गीझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून सतत येणारं पाणी, हीसुद्धा घरी करायची कामं नव्हेत. खिळ्याने गुलाबी दिसलेला नळही प्लंबरकडूनच काढून घ्या.

प्लंबरला फोन करताना नुसतं ‘नळ गळतोय’ म्हणू नका. कोणती पट्टी ओली झाली, जाळीत काय निघालं, निपलला चुंबक चिकटलं का, मेन बंद होतो का, एवढं सांगा आणि नळाचा फोटो पाठवा. मग तो योग्य सामान घेऊनच येतो.

पावसाळ्यात घर बंद ठेवणार असाल तर

मुंबई-पुण्याला राहून चवथीला घर उघडणाऱ्यांसाठी हे वेगळं लिहितो, कारण सर्वाधिक अडकलेले नळ अशाच घरांत असतात. जाण्याआधी मेन बंद करून सगळे नळ उघडून रिकामे करा, मग परत बंद करा. जाळ्या काढून, वाळवून डब्यात ठेवा. प्रत्येक अँगल कॉक एकदा पूर्ण बंद, पूर्ण उघडा करून शेवटी किंचित मागे फिरवून ठेवा. नळ धुऊन, पुसून मेण लावा. वरून प्लास्टिकची पिशवी बांधू नका, आत दमट मीठ कोंडतं आणि उघड्या नळापेक्षा बांधलेला नळ लवकर जातो. झाकायचंच असेल तर सुती कापड सैल गुंडाळा, आणि शेजारी कोणाकडे किल्ली असेल तर महिन्यातून एकदा खिडक्या उघडून कापड बदलायला सांगा.